पंचा डोक्यावर

युनाझावातल्या बायका एकमेकींना पाठीवरून ओळखतात. हात्सुएमावशीची पाठ रुंद आहे. उजव्या खांद्याखाली तीळ आहे. आणि ती पाठ घासणाऱ्या बाईला सतत सूचना मिळतात.

"वर. अजून वर. तामिए, जोर लाव जरा. तोफूवरून हात फिरवतेस का?"

तामिएमावशीचं तोफूचं दुकान आहे. ती म्हणते, "तोफू निदान गप्प बसतो."

हे मी लहानपणापासून ऐकत आले. जागा मात्सुबा कुंड, गरम झऱ्याचं, बायकांचं; वेळ दुपारी चारची. सराईतल्या खोल्या तोवर आवरून झालेल्या असतात. पाहुण्यांच्या जेवणाची ताटं अजून मांडायची असतात. मधल्या वेळात आमच्या गल्लीतल्या बायका गरम पाण्यात बसतात. कुंड गल्लीचं आहे, आम्हीच ते आळीपाळीनं घासतो. बाहेरच्यांनाही मुभा आहे, पण त्यांनी आमच्यासारखं वागायचं. आधी काठावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग उतरायचं. पंचा पाण्यात न्यायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. आमचं पाणी निखळ आहे. तळाच्या फरशीच्या फटी दिसतात. त्यात काही लपत नाही.

पंच्याचा नियम हात्सुएमावशीइतक्या कडकपणे कोणी पाळायला लावला नाही. कोणी टोकियोची बाई अंगाला पंचा गुंडाळून पायरी उतरू लागली की कुंडाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज यायचा, "बाई, पंचा वर. पाण्याला पांघरूण लागत नाही." बाई लाजायची. थोड्या वेळानं तीच बाई मावशीशेजारी बसून आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत असायची.

मावशीचा जन्म कुंडाला लागून असलेल्या घरातला. चालायला लागायच्या आधी ती या पाण्यात उतरली. तिचं लग्नही इथंच ठरलं. सासूनं तिला कुंडावर पाहिलं आणि काही न बोलता स्वतःची पाठ तिच्याकडे केली. मावशीनं ती अशी घासली की सासू घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "मुलगी मिळाली. कातडं तेवढं राहिलं नाही." त्यानंतर मावशी इवामोतो सराईत लागली. पाहुण्यांच्या खोल्यांत ती गुडघ्यांवर बसून ताटं मांडते, गाद्या घालते, आणि त्यांना अंघोळ कशी करायची ते शिकवते. शहरातून साहित्याची पदवी घेऊन मी परत आले आणि त्याच सराईच्या गल्ल्यावर बसले. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "नाझुना, इतकी पुस्तकं वाचलीस, एखाद्यात हिशेब जुळवायचा कसा ते होतं का?" नव्हतं. तेव्हापासून आमची मैत्री आहे. ती माझ्या आईपेक्षा मोठी आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. पानगळीच्या सुमाराला ती कामावर आली, पूर्वीसारखीच तुरुतुरु. आवाजही तोच. फक्त कुंडावर येईना.

आधी म्हणाली, टाके ओले आहेत. मग म्हणाली, सर्दी झालीय. मग आम्ही विचारायचं सोडलं.

तिचा नवरा किहेई सराईत लाकडं पोचवायला आला तेव्हा मला म्हणाला, "घरच्या टपात बसते. गुडघे पोटाशी घेऊन. आणि एक शब्द बोलत नाही." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "इतक्या वर्षांत ती पाण्यात गप्प बसलेली मी ऐकली नव्हती. मला भीती वाटते."

एकदा चादरींच्या घड्या घालताना तिनं स्वतःच विषय काढला.

"मी गेले की सगळ्या बघतील."

"नाही बघणार, मावशी."

"तेच म्हणतेय. बघू नये म्हणून छताकडे बघतील. ते जास्त वाईट." तिनं चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "मला जायचंय गं. पण आधी जात होते तसं. सगळ्या जागेवर, सगळ्यांची तोंडं चालू, पंचा डोक्यावर. तसं होणार नसेल तर माझा टप बरा."

हे मी बाकीच्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली, आणि त्यांना जे समजायचं होतं तेच त्या समजल्या.

वर्षअखेरीला किहेईनं निरोप दिला की ती आज येणार. आम्ही ठरवलं, तिला अवघडायला नको. पहिल्यांदा निवांत, एकटीला अंघोळ करू द्यावी. चार वाजता सगळ्याजणी तामिएमावशीच्या दुकानात जाऊन बसलो. थोड्याच वेळात दार सरकलं. दारात हात्सुएमावशी होती, केस कोरडे. तिनं आम्हाला पाहिलं. तोफूच्या टाक्यांशेजारी रांगेनं बसलेल्या, मांडीवर साबणाच्या टोपल्या.

"इथं काय करताय?"

"तोफू घेतोय," तामिएमावशी म्हणाली.

"साबण लावून खाणार?"

ती गेली. तिनं रिकामं कुंड पाहिलं होतं आणि पायसुद्धा बुडवला नव्हता. आमच्याकडे एखाद्यासाठी जागा सोडणं हा मान असतो. त्या दिवशी तो मान तिला कानाखाली बसल्यासारखा लागला असणार.

आम्ही शहाण्या झालो नाही. तामिएमावशी कुंडाच्या मंडळाची प्रमुख आहे. तिनं दारावर पाटी लावली: थंडीचे दिवस असल्याने पंचा गुंडाळून पाण्यात उतरण्यास हरकत नाही. मजकूर मी तपासून दिला. पदवी तेवढ्यापुरती कामी आली. आणि मावशी वेगळी दिसू नये म्हणून आम्ही सगळ्याजणी पंचे गुंडाळून बसायला लागलो. ओला पंचा अंगाला चिकटतो. पाणी आत जात नाही, गेलं तर बाहेर येत नाही. गप्पा रंगेनात. पण रोज बसायचो. ती कधी येईल सांगता येत नव्हतं.

काल आली.

बाहेर बर्फ गुडघाभर होतं. दार सरकलं, गार वारा आला, आणि वाफ बाजूला झाली तिथं हात्सुएमावशी उभी होती. अंगावर काही नव्हतं. पंचा हातात होता, पण पुढे धरलेला नव्हता. डावीकडे सपाट. काखेपासून खाली एक तिरकी, गुलाबी रेघ.

आम्ही सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

ती स्टुलावर बसली. तिनं अंग धुतलं, अजिबात घाई न करता. मग विचारलं, "छताला काय झालंय?"

"बुरशी," तामिएमावशी म्हणाली.

"उद्या तुझीच पाळी ना घासायची?"

"माझीच."

"मग शिडी आण."

कोणीतरी फिसकन हसलं. मावशी उठली, पंच्याची घडी करून डोक्यावर ठेवली, काठापाशी आली आणि थांबली. तिनं पाण्यात पाहिलं. पाणी निखळच होतं. एका कडेनं पंचे गुंडाळलेल्या गल्लीतल्या बायका, आणि कोपऱ्यात एक पाहुणी मुलगी, आम्हाला बघून तिनंही पंचा गुंडाळलेला.

मावशीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तिला राग आला होता. चांगला, जुना, सणसणीत राग.

"हे काय चाललंय?"

"पाटी लावलीय," तामिएमावशी पुटपुटली. "थंडीचे दिवस—"

"पाटी मी वाचली. काढून चपलांच्या फळीखाली सारली. फळी डुगडुगत होती." ती सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाली, "न्हायला आलात की लग्नाला? मी इतकी वर्षं घसा कोरडा करून बाहेरच्यांना शिकवलं आणि घरच्याच बाया कपडे घालून बसल्यात. पंचे वर."

दोघीतिघींनी पंच्याची गाठ चाचपली.

"नाझुना. तूसुद्धा?"

मी पंचा सोडला. पिळला, घडी केली, डोक्यावर ठेवला. माझ्या शेजारणीनं ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनी. शेवटी तामिएमावशी राहिली.

"तुझ्यासाठीच केलं होतं गं," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर ओरडतेय." आणि मग कोपऱ्यातल्या मुलीकडे वळून, एकदम गोड आवाजात, "बाळा, तूही. पाण्याला पांघरूण लागत नाही."

मुलीनं घाईघाईनं पंचा डोक्यावर ठेवला. मावशी पायरी उतरली. पाणी मानेपर्यंत आलं. तिनं डोळे मिटले आणि पोटातून एक लांब हुंकार काढला. कुंड घुमलं. तो हुंकार आम्ही उन्हाळ्यानंतर ऐकला नव्हता.

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणाची मांजर व्याली, कोणाचा मुळा कुजला. मधेच कोणीतरी सरळ विचारलं, "दुखतं का गं अजून?" ती म्हणाली, "बर्फ पडायच्या आधी ठणकतं. आता रेडिओ लावायला नको." मग तिनं रेघ दाखवली. आम्ही पाहिली. कोणी छताकडे वळलं नाही.

काठावर येऊन तिनं तामिएमावशीकडे पाठ केली. तामिएमावशी घासू लागली. तिळाची बाजू झाली, कंबर झाली, मग हात डावीकडे काखेखाली आला आणि अडला. रेघ तिथपर्यंत येते.

"थांबलीस का? तिथं काय दुसऱ्याची पाठ आहे?"

"तोफू बरा," तामिएमावशी नाक ओढत म्हणाली, आणि जोर लावून घासू लागली.

बाहेर पडलो तेव्हा दिवस कलला होता आणि थंडी कडाक्याची होती. अशा दिवसात आमची मुलं ओला पंचा हवेत गरगर फिरवतात. तो काठीसारखा ताठ गोठतो, आणि ज्याचा जास्त वेळ उभा राहील तो जिंकतो. मावशीनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून आपला पंचा फिरवायला घेतला. डावा हात ऑपरेशननंतर खांद्याच्या वर जात नाही असं डॉक्टर म्हणाले होते. तिनं डाव्यानंच फिरवला. थोडा वर गेला. मग आणखी थोडा.

सराईचे पाहुणे खिडक्यांत आले. किहेई लाकडाची गाडी सोडून बघत राहिला. मावशीनं ताठ झालेला पंचा खांद्यावर बंदुकीसारखा टाकला, तोफूच्या दुकानापर्यंत चालत गेली आणि दारासमोरच्या बर्फात खोचला.

"उद्या चारला," ती म्हणाली. "आणि शिडी विसरू नकोस."

आज सकाळी मी कामाला निघाले तेव्हाही तो तिथं उभाच होता.