बांधावरच्या देवीचा शेंदूर

चैत्राच्या उन्हात शेंदूर तापला की त्याला एक वास सुटतो. तेलाचा, थोडा गंजल्या लोखंडाचा, आणि मागून हळूच ओल्या मातीचा. लग्न होऊन मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावात आले तेव्हापासून आमच्या बांधावरच्या देवीचा हा वास मला ओळखीचा आहे. तेव्हा तिच्यामागे खाडीपर्यंत नुसतं गवत होतं, आणि दुपारच्या वाऱ्याने ते सगळं एका अंगावर कलंडलं की वाटे, कोणीतरी झोपेत कूस बदलली. आता तिथे गोदामांचे पत्रे आहेत. त्यांच्यावरून ऊन असं परततं की एक हात डोळ्यांवर धरून दुसऱ्या हाताने देवीला हळद वाहावी लागते.

देवी म्हणजे कमरेइतका उभा दगड. नाक नाही, डोळे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने तो इतका फुगला होता की आत काय आहे हे कोणी पाहिलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. बाळंतिणीने बाराव्या दिवशी तेल-शेंदूर लावायचा, एवढंच ठाऊक. मीही तीन वेळा लावला.

मग गौरी आली. मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयात काम करणारी मुलगी, पायात जाड बूट, खांद्याला पिशवी. दगडाभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "आजी, किती जुनी असेल ही? थोडा शेंदूर काढून बघू का?"

"देवीचं लुगडं फेडायला आलीस काय गो?" मी विचारलं.

ती हसली. मला हसू आलं नाही. जुन्या गोष्टी गोडीने विचारणारा एक माणूस मी पूर्वी पाहिला आहे. तो जमिनीचा दलाल होता. चहा प्यायला, देवीपुढे नारळ फोडला, आणि सहज बोलल्यासारखं विचारलं, देवीच्या पलीकडे काय पिकतं? सासरे नुकतेच गेले होते. घरात बोलायची मुभा मला चाळिशीत पहिल्यांदा मिळाली होती. मी तोऱ्यात सांगितलं, देवीच्या पलीकडे आम्ही नांगर घालत नाही, ते गवत आम्ही गावच्या गुरांसाठी राखतो. रीत खरीच तशी होती. त्याने त्या रीतीचा कागद केला: पलीकडची जागा पडीक, तिच्यावर कोणाची वहिवाट नाही. आमचं गवत माझ्याच तोंडाने गेलं.

तेव्हापासून कोणी "किती जुनं" असं विचारलं की मी आधी त्याच्या पिशवीत कागद आहे का ते बघते. गौरीच्या पिशवीत होता. नुसता कोरा, दगडावरच्या अक्षरांचा ठसा घेण्यासाठी, असं ती म्हणाली. कोरा कागद तर सगळ्यांत वाईट. मी तिला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

पण त्याच महिन्यात गोदामवाल्यांनी गाड्यांचा रस्ता रुंद करायला चुन्याची रेघ मारली, आणि रेघ देवीच्या अलीकडून, आमच्या उरल्यासुरल्या बांधावरून गेली, म्हणजे देवी रस्त्यात आली. आम्हाला विचारलं नाही. फाटकाशी संगमरवरी देऊळ बांधून देऊ, नवी मूर्ती बसवू, असं सांगितलं. जुन्या दगडाचं काय, ते कोणी बोलेना. गौरी म्हणाली, द्या आम्हाला, नीट सांभाळू. मुलगी द्यायची तर आधी घर बघून येतात. मी सुनेला म्हटलं, "सुनंदा, चल, स्थळ बघून येऊ."

मुलाने गाडीने सोडलं. संग्रहालयाच्या आसपास मुंबईच्या जुन्या दगडी इमारती एकीला एक खेटून उभ्या आहेत, आणि गौरी प्रत्येकीचं सांगत होती, ही कोणी बांधली, ती कोणाच्या देणगीतून झाली. मी विचारलं, त्याआधी ही जागा कोणाची होती? ती थांबली आणि म्हणाली, "यातली बरीचशी समुद्राची." हे उत्तर मला पटलं. समुद्राला कोणी चहा पिऊन फसवलं नसेल.

आत गार काळोख होता, घासल्या फरशीचा आणि जुन्या लाकडाचा वास होता, आणि त्या काळोखात देव रांगेने उभे होते. कोणाचा हात गेलेला, कोणाचं नाक. अंगावर तेल नाही, पायाशी फूल नाही, वरून फक्त दिव्याचा झोत. धूळ आहे का बघायला मी एकाच्या पायावरून बोट फिरवलं, तर पहारेकरी ओरडला, "अम्मा, हाथ मत लगाओ!" धूळ नव्हती. सुनंदा माझ्या कानाशी आली. "आई, घर चांगलं हाय, पन यांना जेवाया कोन घालतं?"

मागच्या ओसरीत आमच्या देवीच्याच उंचीचा एक दगड होता. माथ्यावर सूर्य-चंद्र, मध्ये अक्षरं, आणि तळाला एक बाई आणि गाढव. पाटीवर आमच्याच तालुक्यातल्या एका गावाचं नाव होतं. त्याला तेल कोण लावत असे, ते नव्हतं. अर्थ सांगताना गौरी अडखळली. मी म्हटलं, "जन्म गुरांत गेला माझा, लाजू नको, बोल." मग तिने सांगितलं. राजाने कोणाला जमीन दिली की असा दगड पुरत. जो ती जमीन बळकावील, त्याच्या आईला गाढव लागो. तुमच्या देवीच्या आतही हेच असावं, आजी, माथा अगदी तसाच आहे.

मी मोठ्याने हसले. पहारेकऱ्याने पुन्हा पाहिलं. मग हसू आपोआप थांबलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढवून राखणदाराचंच तोंड बांधून ठेवलं होतं, आणि तो दलाल त्या बांधलेल्या तोंडापुढे नारळ फोडून गेला होता. इतक्यात एक जोडपं आलं, त्यांनी पाटी वाचली, एकमेकांना कोपर मारलं, फोटो काढला आणि गेलं. तिथे ती शिवी सगळ्यांना वाचता येते. तिला भीत कोणी नाही.

घरी येऊन मी कोमट तेल आणि नारळाची करवंटी घेऊन देवीपुढे बसले. तिसऱ्या प्रहरी शेंदराची खोळ अख्खी निघाली, आतून ओलसर, जाडजूड, फणसाच्या सालीसारखी. खाली सूर्य, चंद्र, अक्षरं. मग ते दोघं. सुनंदाने पदर तोंडाला लावला. "अगो आई, हिच्याकडं आपुन पोरं मागितली?"

सोमवारी सकाळी जेसीबी आला. मुकादम म्हणाला, "अम्मा, बाजू व्हा, काम चालू करायचंय." मी चौथी शिकलेली, ती अक्षरं माझ्या ओळखीची नव्हती. तरी त्यांच्यावर बोट ठेवलं आणि वाचल्यासारखं खणखणीत बोलले, गौरीने सांगितलं तेच, शेवटासकट. जेसीबी चालवणारा इथलाच, अंबाडी गावाकडचा होता. तो खाली उतरला, वाकून तळ बघितला.

"आजी, खरं हाय ह्ये?"

"तुझी आई हाय का घरी?" मी विचारलं.

त्याने जाऊन मशीन बंद केलं. "सायेब, मी न्हाय हात लावनार. दुसरा बघा."

दुसरा मिळेल. आईची पर्वा नसलेला माणूस शोधायला भिवंडीत फार दिवस लागत नाहीत. म्हणून संध्याकाळी मीच गौरीला फोन केला. दगड न्यायला गाडी आणू का, तिने विचारलं. मी म्हटलं, आधी तो कोरा कागद आण आणि खरं काय लिहिलंय ते वाच. फोन ठेवला आणि बांधावर बसले. ऊन उतरत होतं, तिरप्या उजेडात प्रत्येक अक्षर सावली धरून उभं होतं, आणि मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं की शिवीबरोबर यात जमीन कोणाला दिली त्याचंही नाव असणार. ते आमचं असेल असं मी इतके दिवस धरून चालले होते. कशावरून? आमच्या आधीही इथे कोणीतरी नांगर धरला असेल, आणि त्याच्याकडेही कोणी गोड बोलून आलं असेल.

उतरलेली खोळ खाडीत सोडायची असते. सुनंदाने दोनदा विचारलं. मी ती ओटीवर पाटाखाली झाकून ठेवली आहे. गौरी उद्या येते आहे. वाचून झाल्यावर ती खोळ कदाचित परत चढवावी लागेल.