देवाच्या बाजूची उजवी

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, देवानं उभ्या आयुष्यात कधी ‘नाही’ म्हटलं नाही. एकदाच तो गप्प बसला, आणि त्याला कारण मी.

हे कळायचं तर आधी आमच्या गावचा कौल कळायला हवा. वेल्ह्याकडच्या डोंगरात आमचं गाव. बाजार आणि पोस्ट भोरचं, बाकी सगळा कारभार भैरोबाचा. कौल लावायचा म्हणजे गुरवबाबा देवाच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवत. आपण सवाल घालायचा आणि हात जोडून बसायचं. पाणी सुकलं की पाकळी गळते. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी म्हणजे आपली, समोर बसणाऱ्याची उजवी. (दुसऱ्या गावांत वेगळी रीत असेल. माझं त्यांच्याशी भांडण नाही.)

आबांना ही रीत पूर्ण मान्य होती, पण उजवी पडली तरच. डावी पडली की ते उठत, गाभाऱ्यात शिरत आणि देवाच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभे राहत.

“गुरवबाबा, देवाचं त्वांड आपल्याकडं हाय. म्हंजी ही त्याची उजवी झाली.”

“आरं, पर गावाची रीत...”

“रीत गावाची, कौल देवाचा. त्याच्या जाग्यावरनं बघाया नगं व्हय?”

गुरवबाबांना मोतीबिंदू होता. त्यांना स्वतःच्या हातापलीकडचं धड दिसत नसे, त्यामुळे ते वाद वाढवत नसत. आमची म्हैस हरवली तेव्हा डावी पडली. आबा देवाशेजारी जाऊन उभे राहिले आणि ‘होय’ घेऊन आले. तिसऱ्या दिवशी म्हैस ओढ्यात सापडली, एक शिंग मोडलेली. एका सालात भाताची सगळी रोपं वाहून गेली, त्याला तर दोनदा ‘होय’ मिळालेलं होतं. आबा म्हणाले, “देव व्हय म्हनला. कवा, ते कुठं म्हनला?” आणि दुसरं बी टाकायला लागले.

एकदा मात्र आबा उठले नाहीत. मी सातवी पास झाले तेव्हाची गोष्ट. पुढं शिकायचं तर भोरला राहायला हवं होतं, आणि भोरला आमचं कुणी नव्हतं. आबांनी कौल लावला, डावी पडली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले, आता उठतील, मग उठतील. ते बसल्या जागी म्हणाले, “गावाची रीत ती रीत,” आणि माझी शाळा तिथं संपली. काळजी करणं हा तेव्हापासून माझा पूर्ण वेळचा धंदा झाला, त्याला आठवी लागत नाही.

माझा थोरला भाऊ किसनदादा फौजेत होता. त्या साली लढाई लागली. गावात रेडिओ एकच, शाळेच्या गुरुजींकडं. सगळं गाव तिथं जमायचं. पंधरवड्यात लढाई संपली, गुरुजींनी पेढे वाटले. हळूहळू आसपासच्या फौजी पोरांची पत्रं येऊ लागली. दादाचं आलं नाही. पोस्टमन मंगळवारी आणि शनिवारी यायचा, आणि लांबूनच, चढाच्या पायथ्यापासूनच, मान हलवायचा. चढून वर येईपर्यंत आम्हाला आशेवर ठेवू नये एवढी माया त्याला होती.

आबा रोज सकाळी कौल लावू लागले. “किसन खुशाल हाय का?” कधी उजवी पडायची, कधी डावी, पण घरी येताना आबा उंबऱ्यातच सांगायचे, “व्हय म्हनला.” आई भाकरी थापता थापता हुंकार द्यायची. महिनाभर हे घर त्या एका ‘व्हय’वर चाललं.

मग एका सोमवारी मी आबांबरोबर देवळात होते. डावी पडली. आबा उठले नाहीत. त्यांनी पाकळी उचलली, कोपरीच्या खिशात ठेवली आणि चालायला लागले. घरी आले, आईला काही सांगितलं नाही. जेवले, घोंगडी घेतली आणि भर दुपारी भिंतीकडं तोंड करून निजले. म्हैस हरवली, शेत वाहून गेलं, तेव्हासुद्धा हा माणूस दुपारचा निजला नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, की उद्या डावी पाकळी पडता कामा नये.

भोंगवलीच्या आत्यानं काकवी पाठवली होती. पातळ गूळच तो, पण वाळला की पोराच्या केसातून निघत नाही अशी त्याची ख्याती. मंगळवारी तांबडं फुटताना मी वाटीत चमचाभर काकवी घेतली. (भांड्यातली काकवी आधीच कमी दिसत होती. मी मांजरावर संशय घेतला. त्या मांजराची मी आजही मनातून माफी मागते.) गुरवबाबा देवाला आंघोळ घालून फुलं आणायला गेले, तेवढ्यात मी आत शिरले आणि देवाच्या डाव्या खांद्याला, म्हणजे आपल्या डाव्या, काकवीचं बोट लावून पळाले. हात जोडायचे राहिले. पुढचं सगळं त्यामुळंच झालं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

आबा आले. गुरवबाबांनी पाकळ्या लावल्या. “आज देव जरा चिकाट लागतोय,” ते पुटपुटले.

आबांनी सवाल घातला. एरवी तंबाखूची एक चिमूट मळून होईपर्यंत पाकळी पडते. गुरवबाबांच्या दोन मळून झाल्या, खाऊन झाल्या, थुंकून झाल्या. मी खांबाआडून उजव्या पाकळीकडं टक लावून बघत होते. डावी पडणार नव्हती, ती सोय मी केली होती. उजवीला काय धाड भरली होती?

उन्हं पायरीवर आली. शेतावर निघालेली माणसं डोकावली आणि बसली.

“दोन सवाल एकदम घातलं आसतील,” शेजारचे महादूतात्या म्हणाले.

“येकच घातलाय,” आबा म्हणाले.

“मंग देव रोज रोज त्येच त्येच ऐकून कटाळला. म्यापन कटाळलो आसतो.”

“तुमास्नी कुनी इचारलंय, तात्या?”

“तेबी खरंच.”

उन्हं नंदीपर्यंत आली. आई आबांना न्याहारीला बोलवायला म्हणून आली आणि दाराशीच थबकली. तिनं देवाकडं बघितलं, मग खाली बघितलं आणि खालीच बघत राहिली. मला वाटलं, तिला दादाची आठवण आली.

एवढ्यात गुरवबाबांनी हात झटकला. “मुंगी,” ते म्हणाले. मग, “अजून येक.” नंदीपासून देवाच्या खांद्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. एक रांग डाव्या खांद्याला. दुसरी, मला उमगेना का, उजव्या खांद्याला.

गाव गंभीर झालं. कुणी म्हणालं कोप आहे, कुणी म्हणालं फेडलेला नवस देवाला पोचला नाही. पाकळ्या काढून नव्याने लावू, असं एकानं सुचवलं. गुरवबाबांनी ठाम नकार दिला. लावलेला कौल मोडत नाहीत. आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

“ही पाकळी पडस्तोवर म्या हितनं उठत न्हाई,” ते म्हणाले. “आन अन्नबी घेत न्हाई.”

ती काकवी मला माहीत होती. ती शिमग्यापर्यंत सुटणार नव्हती. आबा रागात बोलले असते तर संध्याकाळपर्यंत निवले असते; पण ते अगदी शांतपणे बोलले होते, जसं सोमवारी शांतपणे निजले होते. दादाचं काय झालं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि इथं माझ्या एका बोटानं आबाही जाणार, हे मला स्वच्छ दिसलं.

“आबा,” मी खांबाआडून पुढं आले, “डावी पडायची न्हाई. म्या काकवी लावलीया.”

गुरवबाबांनी बोट देवाच्या खांद्याला लावून जिभेला लावलं. “काकवीच हाय,” ते म्हणाले. “आन झ्याक हाय.”

“मंग उजवी का पडंना?” तात्यांनी विचारलं. गावात तेवढा एकच माणूस शुद्धीवर होता.

दारातून आईचा आवाज आला. “उजवीला म्या लावली.”

आबांनी मागं वळून बघितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “काल तुमी गप आला. म्या म्हनलं, नगं ती पडली. तुमीच वीस वरसं सांगताय, देवाच्या बाजूनं जी डावी, ती नगं. म्हंजी आपली उजवी. राती जाऊन तीच आवळून टाकली.”

आईला गावाची रीत माहीतच नव्हती. तिला घरातली पाठ होती.

तात्यांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. “येकाच भांड्यातली का?”

“व्हय.”

“मंग देवाचं काई चुकलं न्हाई,” तात्या म्हणाले आणि पहिल्यांदा गप्प बसले.

मी मार खायच्या तयारीत होते. आबांनी मांडीवरचा पटका सारखा केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “सुमे, त्या जाग्यावर जाऊन हुबं ऱ्हायाला लई ताकद लागती. काल माजं पाय उचललं न्हाईत. तुज्या शाळंच्या वक्ताला बी असंच झालं. भोरात तुला कुटं ठिवू, या भ्यानं बसून ऱ्हायलो. देव व्हयच म्हनला व्हता. म्याच न्हाई गेलो तितनं बघाया.”

एवढं मोठं कबूल करणारा बाप मला मिळाला, एवढंच.

आबा उठले. पटका बांधला. गाभाऱ्यात गेले आणि देवाच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही पाकळ्या जागेवरच होत्या, मुंग्या कामात होत्या. आबांनी पाकळ्यांकडं बघितलंही नाही. ते समोर बघत होते, आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, दाराबाहेर. तेव्हा मला कळलं की देवाच्या जागेवरून चढाची सगळी वाट दिसते. आम्ही जन्मभर तिच्याकडं पाठ करून बसत होतो.

“पोस्टमन यितोय,” आबा म्हणाले.

आम्ही सगळे वळलो. पोस्टमन पायथ्याशी थांबला आणि त्यानं मान हलवली.

“शनवारी यील,” आबा म्हणाले. “चला, भूक लागलीया.”

शनिवारी आलं नाही. त्यानंतरच्या मंगळवारीही नाही. आबा रोज जाऊन तिथं उभे राहत. कौल लावणं मात्र त्यांनी सोडलं. (गुरवबाबांनी देवाला चार दिवस गरम पाण्यानं चोळलं, तरी शेंदूर तेवढ्या दोन जागी गोड लागतो, असं गावातली पोरं पुढं कितीतरी वर्षं सांगत.) चौथ्या शनिवारी पोस्टमननं पायथ्याशी मान हलवली नाही. तो धावतच वर आला, आणि पत्र द्यायला दम पुरेना म्हणून पायरीवर बसला.

पत्र दुसऱ्याच्या अक्षरात होतं. दादा दवाखान्यात होता. जिवंत होता. उजव्या हाताला गोळी लागून दोन बोटं गेली होती, म्हणून इतके दिवस लिहिता आलं नाही. मी पत्र मोठ्यानं वाचत होते. माझी सातवी तेवढी कामाला आली. ‘उजव्या’ हा शब्द मी दोनदा वाचला.

आबांनी डोळे पुसले. “समोरनं बघनाऱ्याला डावाच,” ते म्हणाले. आणि आई, जी दोन महिन्यांत हसली नव्हती, ती रडता रडता हसली.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. माझं लग्न झालं आणि यांच्या नोकरीपायी मी इटारसीला आले. इथं भैरोबा नाही, गुरवबाबा नाहीत, काकवी मिळत नाही. पोराचा आठ दिवस फोन आला नाही की मी देवाच्या तसबिरीच्या काचेवर झेंडूच्या दोन पाकळ्या लावते, साध्या पाण्यानं. डावी पडली की तसबिरीशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि दाराकडं बघते. परवा यांनी विचारलं, “काय करतेस गं?” म्हटलं, “काही नाही, जरा देवाच्या बाजूनं बघतेय.”

आजवर देवानं मलाही कधी ‘नाही’ म्हटलेलं नाही. फक्त तसबिरीशेजारच्या भिंतीवर माझ्या तेल लावलेल्या डोक्याचा एक काळा गोल उमटलाय, आणि घरातल्या बाकीच्या भिंती तीन वर्षांतून एकदा रंगवतात, तेवढा गोल यांना दर सहा महिन्यांनी रंगवावा लागतो.