दाराबाहेरचे बूट

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. विषय निघालाच तर कवितेवर बोलायचो, वहिनींवर नाही. आता कांचघर मोहल्ल्यातल्या घरात मीही एकटाच असतो. जिन्यात अनोळखी पावलं थांबली की हातातला कप हातातच राहतो. म्हणून लिहायला बसलो.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. तो रांझीच्या कारखान्यात होता. मूलबाळ नव्हतं. तो वारल्यावर वहिनी रांझीतल्या घरातच एकट्या राहिल्या.

आमच्या मराठी मंडळात गणपतीत कवितावाचन व्हायचं आणि प्रत्येक कवितेनंतर कोणीतरी तिचं रसग्रहण करायचं. मी कॉलेजात साहित्य शिकवलेलं, म्हणून ते काम माझ्याकडे. त्या वर्षी वहिनींनी पहिल्यांदाच कविता वाचली. मुक्तछंद, अगदी लहान. बुटांचा एक जोड सकाळी दाराकडे पाठ करतो, संध्याकाळी तोंड. पावसात त्याला चिखलही लागतो. पण तो कुठेच गेलेला नसतो.

मागून कोणीतरी म्हणालं, "चलो, बुटांच्या दुकानाची जाहिरात झाली!" सगळे हसले. वहिनी कागदाची घडी घालत खाली बसल्या.

मला त्यांची बाजू सावरायची होती, आणि खरं सांगायचं तर मिरवायचंही होतं. ते बूट मी त्यांच्या दाराशी नेहमी पाहायचो. मित्राची आठवण म्हणून ठेवले असतील, असं वाटायचं. कविता ऐकताना लख्ख कळलं. मी उठून सांगितलं की हे बूट एकटेपणाचं प्रतीक आहेत, असुरक्षिततेचं आहेत. समोरचे चेहरे कोरेच. मग मी पुरावा दिला.

"अहो, वहिनींच्या दाराशी जाऊन बघा! घरात पुरुष माणूस आहे असं वाटावं म्हणून त्या रोज बूट फिरवून ठेवतात."

टाळ्या पडल्या. वहिनी माझ्याकडे एकटक बघत होत्या. मला वाटलं, भारावल्या असतील.

थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला.

"भाऊजी, कोणीतरी बूट उलटे करून ठेवून राहिलंय. मी सरळ करते, की पुन्हा उलटे."

"पोरांची मस्ती असेल हो."

"काल दिवेलागणीला कडी वाजवली. बाहेरून विचारलं, 'भैया घर पर हैं क्या?' आणि हसले. काहून सांगितलं हो तुम्ही?"

"वहिनी, कवितेचा अर्थच तो होता."

"कवितेत माझं घर नव्हतं, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी गेलो. दाराबाहेर एकच बूट होता. मी हाक मारली, नाव सांगितलं. आतून पुन्हा विचारलं, "कोण?" मी पुन्हा सांगितलं. मग दाराला लावलेलं कपाट फरशीवरून घासत सरकलं. फट पडली, तेव्हा त्यांनी आधी माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. मी चहा प्यायलो. पोलिसांत सांगायचं का, असं अर्धवट बोललो. निघताना कपाट पुन्हा दाराशी येण्याचा आवाज ऐकला.

त्यांनी ते घर सोडलं आणि शहपुऱ्याला नणंदेकडे गेल्या. त्या पुढे तिथेच वारल्या. रांझी सोडून निघाल्या त्या दिवशी बसमध्ये त्यांची पिशवी मीच चढवली होती. खिडकीशी उभा राहून म्हणालो, "पोचल्यावर फोन करा." त्यांनी मान हलवली.

म्हणायचं होतं ते वेगळंच. वहिनी, तुमची भीती मला कळली होती, आणि ती मी चारचौघांत सांगून टाकली. मला माफ करा.