घोंगडं बाहेर ठेवा

एनॅमलचा ट्रे माझ्या हातून निसटला आणि चिमटे, कात्री, सुया असं सगळं फरशीवर खणखणत पसरलं. टेबलावरचा कुत्रा एका झेपेत दाराबाहेर. मागे उरलो मी, पांढऱ्या कोटात. हातात टिंक्चर आयोडीनची बाटली. ती मात्र मी शाबूत ठेवली होती.

लढाईची वर्षं होती. विट्याजवळच्या एका गावी मी गुरांचा डॉक्टर होतो. आमच्याकडे यायचे ते बैल आणि म्हशी. त्यांच्यासाठी अंगणात ट्रेव्हिस होता, म्हणजे जनावराला हलता येऊ नये असा लाकडी खांबांचा चौकटा. कुत्र्यामांजरांचा मला अनुभव बेताचाच. घरी एक मनी होती, पण मला तिची शेपटीच काय ती दिसे.

धुळा धनगर आपल्या खंड्याला खांद्यावर घालून चार कोस चालत आला होता. रानडुकराचा सुळा कुत्र्याच्या मांडीत घुसला होता. जखम खोल, पण ताजी. धुऊन नीट टाके घातले असते तर तो वाचला असता. धुळाकडे दुसरा कुत्रा नव्हता, आणि माळावर लांडगे होते.

नेमके त्याच दिवशी साताऱ्याहून साहेब तपासणीला यायचे होते. फरशी फिनेलनं धुतलेली. धुळाच्या खांद्यावरच्या घोंगड्याकडे मी बोट केलं.

"घोंगडं बाहेर ठेवा."

"आवं डाक्टर, पिल्लू हुतं तवापास्नं त्येच्यावर निजतंय. घोंगडं टाकलं की दिसभर हलत न्हाई. असू द्या की खाली."

"दवाखाना आहे हा. पिसवा होतील."

"त्येला काय कळतंय दवाखाना?"

"नियम आहे," मी म्हणालो. असा नियम कुठंच लिहिलेला नव्हता.

धुळानं घोंगडं पायरीवर ठेवलं. खंड्या थरथरू लागला. मला वाटलं, ताप असेल. चावू नये म्हणून मी बँडेजनं त्याचं तोंड बांधलं आणि ट्रे उचलला. पुढचं सांगितलंच.

धुळा पायरीवर उभा राहून रस्त्याकडे बघत होता. "घोंगडं वलांडून गेला," तो म्हणाला. "आसं कवाच झालं न्हवतं."

दुपारी साहेब आले. म्हणाले, "फरशी छान ठेवली आहे तुम्ही."

दोन दिवसांनी धुळा पुन्हा दारात.

"घावला. आपसूक तळावर आला. तोंडाला तुमची चिंधी तशीच. पानीबी प्याला न्हाई. पाय लय सुजलाय."

"घेऊन या त्याला."

"आता न्हाई यायचा त्यो. तुमीच चला."

मी सायकल काढली. मेंढ्यांच्या तळावर दहा पावलांवरूनच खंड्या गुरगुरला.

"कोट काढा," धुळा म्हणाला. "हात मातीनं घासा. आन बसा हितं माज्याजवळ. त्येच्याकडं बघू नगा."

सरकारी डॉक्टर लेंड्यांत मांडी घालून बसला. तासाभरानं खंड्यानं माझा हात हुंगला. धुळानं घोंगड्याचा पदर त्याच्या डोळ्यांवर ओढला. मी जखम उघडली, धुतली, कापली. तोंड बांधलं नव्हतं, तरी कुत्रा एकदाही हलला नाही. पण मांस हाडापर्यंत काळं पडलं होतं. मला ते पाहताक्षणी कळलं. धुळालाही कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तेव्हा घोंगडं गुंडाळलेलं होतं.

"पहाटं गेला. ह्या टायमाला भ्याला न्हाई, येवडंच."

त्या हिवाळ्यात लांडग्यांनी धुळाची बरीच कोकरं नेली. पुढच्या वर्षी त्याचा तळ आमच्या माळावर पडला नाही.

तेव्हापासून मी ट्रेमध्ये फडकं अंथरतो. जनावर ज्याच्यावर निजतं ते, गोणपाट असो की वाकळ, सोबत आणायला सांगतो. पुढच्या तपासणीत साहेबांनी अस्वच्छतेचा शेरा मारला. तो मी जपून ठेवला आहे. शिकण्यासारखं एवढंच, की भ्यालेल्या जनावराला औषध देण्याआधी आपण किती भीतिदायक दिसतो ते पाहावं. हे कळायला मला एक कुत्रा लागला.

खंड्या गेला त्या संध्याकाळी घरी येऊन हे सगळं हिला सांगितलं. ही तांदूळ निवडत होती. तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "कोट दवाखान्यातच ठेवून येत जा आता. सहा वर्षं झाली, तुम्ही दारात आलात की मनी माळ्यावर जाते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."