चौरस्त्यावर मांडलेली भाजी

आदिलाबादच्या रैतू बाजारात शेतकऱ्यांनी आपला माल स्वतः विकायचा. आम्ही मायलेकी भीमपूरहून यायचो. एका हिवाळ्यात ठरलं, की निराधार बायांना रेशनच्या कुपनावर इथली भाजीही फुकट द्यायची. बाजाराचा सुपरवायझर भलताच टापटिपीचा. गर्दी नको म्हणून त्याने फाटकासमोरच्या चौरस्त्यावर पळसाची पानं ओळीने मांडायला लावली. प्रत्येकावर वांगी, मिरच्या आणि एक लिंबू.

धुक्यात ती ओळ पाहून माझ्या अंगावर काटा आला. उतारा असाच ठेवतात. एखाद्याची पीडा उतरवून चौरस्त्यावर टाकायची, मग जो उचलेल त्याच्या घरी ती जाते. आमचं घर बुद्धवंदनेचं, असल्या गोष्टींना हसणारं. तरी मी पानं ओलांडली नाहीत, वळसा घेतला.

कुपनवाल्या बाया आल्या आणि लांबच थांबल्या. सुपरवायझर वैतागला. भाजी पडून राहिली तर कुणालाच नको आहे असं वर कळवून सवलतच बंद करतो म्हणाला. त्या बायांत मावला गावची एक ओळखीची म्हातारी होती. तिची लेक नुकतीच बाळंत झाली होती. घरात नुसता भात, अंगावर दूध नाही. पण बाळंतिणीच्या घरात उतारा न्यायचा कसा?

मी आईला म्हटलं, तिला आपल्या ढिगातली देऊ. एक दिवस देशील, मग पुढे काय, असं म्हणून आई उठली. तिने एका पानावरची मिरची उचलून सगळ्यांदेखत कचकन चावली. मग एकेक बाई पुढे झाली. धुकं निवळायच्या आत पानं रिकामी झाली.

ती गोळा करताना ओळीच्या टोकाला मला एरंडाचं पान सापडलं. सुपरवायझरने तर सगळी पळसाचीच मांडायला लावली होती. त्यावर कुंकू आणि काळा दोरा होता, बाकीचं कुणीतरी नेलं होतं. आमच्या ओळीत कुणीतरी खराखुरा उतारा ठेवून गेलं होतं.

"कोनाले सांगू नको," आई म्हणाली. तिला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या बाजाराला म्हातारी आली. लेकीला दूध आलं होतं, बाळ चांगलं होतं. मी दबकतच विचारलं, भाजी कोणत्या पानावरची नेली?

"टोकाच्या, कुंकवाच्या. पाहूनच उचलली," ती म्हणाली. "तेवढ्याच पानावर नारळ होता, पोरी."