ठिपक्यांवरचा हमखास इलाज

शेजारचे हेडक्लार्क कुणाच्याही घरात दार न वाजवता शिरत आणि दुखणं शोधून काढत. बायकोच्या लाडक्या गोल्डफिशवर पांढरे ठिपके उठले, तेव्हा मात्र मी शहाणा त्यांना बोलवायला गेलो.

"जंतू बसल्यात अंगावर. मीठ हाय न्हवं घरात?"

त्यांनी टाकीत मूठभर मीठ सोडलं, बोट बुडवून पाणी चाखलं आणि रस्सा अळणी निघाल्यासारखं तोंड करून आणखी दोन मुठी टाकल्या.

संध्याकाळी मासा पोट वर करून तरंगत होता. हेडक्लार्क चष्मा सावरत वाकले.

"मास्तर, ठिपके गेले का न्हाईत, तेवढं सांगा."

आत बायको रडत होती. मी म्हणालो, "गेले."

रविवारी ते कसबा बावड्यात दुसऱ्या आजारी माशाकडे निघाले. साक्षीला मी होतो, मिठाचा डबा धरून.