ऑक्सिजन किती, हवा किती

आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते स्वतःच्या पायानं चालत येतात. नांदेडात आम्ही कॉलेजांच्या लॅबमधली काचेची उपकरणं बनवतो, फुटलेली जोडतो. कारागीर युसूफभाई, बाकी सगळं बघणारी मी. काच वितळवायला गॅससोबत ऑक्सिजन लागतो. कोविड ओसरला आणि पेशंटच्या उशाशी असायची ती ऑक्सिजनची मशिनं स्वस्तात विकायला निघाली. ती खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतात. आम्ही सिलिंडर सोडून ती घ्यायला लागलो, आणि एकेक थक्क करणाऱ्या गोष्टी सुरू झाल्या.

*

पहिलं मशीन लातूरहून आणलं. ज्योत निळी, टोकदार. युसूफभाई खूश. काचेची जाड नळी हाती आली तसं त्यांनी ऑक्सिजनचं बटण पूर्ण फिरवलं. ज्योत पिवळी पडून लोळायला लागली, काच काळवंडली. घाबरून बटण कमी केलं, तर ज्योत पुन्हा ताठ.

"कमी सोडला की जास्त गरम?" ते माझ्याकडे बघतच राहिले, जणू मीच करणी केली.

मग मी शुद्धता मोजायचं मीटर मागवलं. जोरात सोडला की मशीनचा दम पुरत नव्हता. नळीतून निम्मी साधी हवाच येत होती.

*

शेजारच्या गॅरेजवाल्या नामदेवकाकांना हे काही पटेना. "हवाच हाय की ही," म्हणत त्यांनी तोंडातल्या बिडीसकट मशीनच्या पाइपपाशी तोंड नेलं.

बिडी भर्रकन पेटली. अर्धी मिशी गेली. काकांनी उरलेली मिशी चाचपली. मग हळूच म्हणाले, "घरी काय सांगू?"

*

एका दलालानं आणलेलं मशीन दिसायला नवंकोरं. हिरवा दिवा लागलेला, आवाज अगदी कमी, नळीतून फुसफुस चालू. मीटर लावलं तर एकवीस टक्के. म्हणजे तुम्ही-आम्ही घेतो तीच हवा.

उघडून पाहिलं. ऑक्सिजन वेगळा काढणारे पांढरे दाणे ज्या नळकांड्यांत असतात, ती रिकामी. अलार्मची वायर कापून टेप लावलेला.

"हे कुणाच्या तरी नाकाला लावलेलं असंल, ताई," युसूफभाई म्हणाले. त्या दिवशी त्यांनी काच वितळवायचा टॉर्च पेटवलाच नाही.

*

नंतर एक कापड दुकानदार आईचं मशीन विकायला आले. मीटर लावलं, त्र्याण्णव टक्के. एवढं चांगलं आमच्याकडं आजवर आलं नव्हतं.

"मग विकून राहिलात कशाला?" मी विचारलं.

"आवाज लई करतंय. आईला झोप न्हाई. परवा दुसरं घेतलं, जुनंच, पण एकदम शांत हाय."

युसूफभाईंनी हातातली काच खाली ठेवली.

तेच मशीन परत ऑटोत घातलं, मीटर घेतलं आणि त्यांच्या घरी गेलो. आजी पलंगावर, नाकात नळी, ओठ निळसर. शांत मशीनला मीटर लावलं. एकवीस.

मीच नळी काढून त्यांच्या आधीच्या मशीनला जोडली. युसूफभाईंनी डॉक्टरांना फोन लावला. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा सावकाश चढत गेला. ओठांवर रंग आला.

आजींनी डोळे उघडले आणि मशीनकडे पाहिलं.

"हे धडधड्या कशाला आणला रे परत? ते गरीब होतं बिचारं."